बॅग यंत्रातून पास झाली होती, तरी विमानातून का उतरवली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईहून रात्रीच्या विमानानं निघालेलं एक कुटुंब जागेवर बसल्यावर पाऊण तास तसंच बसून राहिलं. एक प्रवासी चेक-इन करून, बॅग देऊन गेटवर फिरकलाच नाही, म्हणून त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून उतरवली. विचारणाऱ्यांचं म्हणणं: ‘सगळ्या बॅगा स्फोटकांसाठी तपासूनच जातात ना? यंत्रावर भरवसा असेल तर बॅग उतरवायची कशाला? आणि भरवसा नसेल तर कोट्यवधींची यंत्रं कशाला?’ शिवाय एक तक्रार: त्याच प्रवासात आईची लाडवांची बॅग अडवली होती, तर यंत्राला लाडू आणि बॉम्ब यातला फरक कळत नाही का?

मी सव्वीस वर्षं हेच काम केलं. आधी एका विमान कंपनीच्या सुरक्षा विभागात आणि नंतर विमानतळाच्या इनलाइन तपासणीत, म्हणजे तुमची बॅग पट्ट्यावरून आत गेल्यावर जिथे जाते तिथे. प्रश्न खोचक आहे, पण चुकीचा नाही. आधी लाडवाचं बोलू, कारण बाकीचं त्यातूनच उलगडेल.

आमच्या पडद्यावर बॅग दिसते ती दवाखान्यातल्या एक्स-रेसारखी काळी-पांढरी नसते, रंगीत असते. यंत्र दोन वेगवेगळ्या ताकदीचे किरण वापरतं आणि कुठल्या वस्तूनं कोणते किती अडवले यावरून अंदाज बांधतं, की हिच्यातले अणू हलके की जड. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन असल्या हलक्या मंडळींपासून बनलेलं सगळं नारिंगी. लोखंड, तांबं, पितळ निळं. मधलं, म्हणजे काच, मीठ, पातळ ॲल्युमिनियम वगैरे हिरवट. आणि किरण पार जाऊच शकत नाहीत इतकं जाड ते काळं.

आता अडचण बघा. कपडे नारिंगी, पुस्तकं नारिंगी, साबण नारिंगी, चितळ्यांची बाकरवडी नारिंगी आणि स्फोटकंही नारिंगीच. रंगानं काम भागत नाही म्हणून सीटी स्कॅन आलं. हाउन्सफिल्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते ज्या तंत्रासाठी, तेच हे. फरक एवढाच, की पेशंटऐवजी सुटकेस. किरणांचा नळा बॅगेभोवती गरगर फिरतो, बॅगेचे पावासारखे काप मिळतात आणि प्रत्येक वस्तूची घनता काढता येते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं स्फोटकं शोधणारं असं पहिलं यंत्र डिसेंबर १९९४ मध्ये प्रमाणित केलं. त्याच्या नावात ‘सीटीएक्स’ होतं, आणि आमच्याकडे आजही कुठल्याही कंपनीच्या यंत्राला सीटीएक्सच म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं.

म्हणजे यंत्र बॉम्ब ओळखत नाही. ‘हलक्या अणूंची, पण कपड्यापेक्षा बरीच घट्ट, एवढ्या आकाराची वस्तू इथे आहे’ इतकंच त्याला कळतं. आणि बेसनाचा लाडू म्हणजे काय? पीठ, तूप आणि साखर, मुठीत दाबून दाबून वळलेली. त्यातली हवा आपल्या आज्यांनी शेकडो वर्षांच्या सरावानं काढून टाकलेली असते. असे चाळीस लाडू डब्यात एकावर एक, डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर सेलोटेपचे सात वेढे. यंत्रानं बोंब मारली नाही तर त्याला कामावरून काढायला हवं.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे ‘फराळाचा सीझन’ म्हणूनच ओळखले जायचे. अमेरिकेच्या विमानांच्या बॅगा पट्ट्यावर आल्या, की दुसऱ्या पायरीवर बसलेला माणूस सरसावून बसायचा.

पायऱ्या सांगतो. विमानतळागणिक त्यांचे आकडे आणि क्रम थोडे बदलतात, पण ढाचा एकच. पहिल्या पायरीवर माणूस नसतोच. यंत्र स्वतः ठरवतं आणि बहुतेक बॅगा इथूनच सुटतात. अडकलेल्या बॅगेचं चित्र दुसऱ्या पायरीवर एका थंडगार, अंधाऱ्या खोलीत बसलेल्या स्क्रीनरपुढे येतं. त्याच्याकडे मोजके सेकंद असतात, कारण पट्टा थांबत नसतो. त्याचं समाधान झालं नाही तर बॅग तिसऱ्या पायरीवर जाते, तिथे आणखी बारकाईनं चित्र बघतात, कापडाची पट्टी फिरवून कण तपासतात. तरी शंका राहिली तर चौथी पायरी: मालकाला बोलावून त्याच्यासमोर बॅग उघडायची. पाचवी पायरी बॉम्बशोधक पथकाची. माझ्या सव्वीस वर्षांत ती वेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि दरवेळी भलतंच काहीतरी निघालं.

चौथ्या पायरीवरचा एक प्रसंग. पासष्टीच्या एक काकू, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. बॅगेत एका ठिकाणी काळाकुट्ट गोळा आणि त्याच्याभोवती दाट नारिंगी ठोकळे. पडद्यावर फारच वाईट चित्र. काकूंना गेटवरून खाली आणलं. त्या आधीच घाबरलेल्या, त्यात आजूबाजूला गणवेशातली माणसं. बॅग उघडली तर दगडी खलबत्ता निघाला, आणि त्याच्या पोटात जागा वाया जाऊ नये म्हणून डिंकाच्या लाडवांच्या पुड्या ठासलेल्या. बाजूनं आणखी चार डबे.

‘काकू, खलबत्ता अमेरिकेत मिळतो हो.’

‘तिथला काय कामाचा? वेलदोडा उडून बाहेर येतो.’

लाडू आणि खलबत्ता दोन्ही पास झाले. अडकलं ते त्याच बॅगेतलं खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या दोन किलो, त्या काढून घ्याव्या लागल्या. काकूंचा पारा चढला. ‘खोबऱ्याचा काय बॉम्ब करणार आहे का मी?’ हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे, की उत्तर इथेच देतो. सुकं खोबरं स्फोटकांसाठी नव्हे तर आगीसाठी अडवतात. त्यात तेल भरपूर असतं, ते हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग पावून गरम होतं आणि बंदिस्त जागी ती उष्णता साठत जाऊन आपोआप पेट घेऊ शकते. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३. भारतात २०२२ मध्ये ते चेक-इन बॅगेत बंद झालं. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही त्याचं कारणही आगच. म्हणजे आम्ही ज्या बॅगा उघडायचो, त्यांतल्या पुष्कळ बॉम्बच्या शंकेनं नव्हे तर पॉवर बँकेपायी उघडायचो.

कापडाच्या पट्टीचं म्हटलं, त्याचंही सांगतो. बॅगेच्या मुठीवर, चेनवर पट्टी फिरवायची आणि यंत्रात घालायची. आतल्या उष्णतेनं कणांची वाफ होते, तिला विद्युतभार मिळतो, आणि ते रेणू एका नळीतून किती वेळात पलीकडे पोचतात त्यावरून ओळख पटते. काही सेकंदांचं काम. हे यंत्र इतकं तिखट नाकाचं आहे, की ग्लिसरीन असलेलं हातांचं क्रीम किंवा हृदयरोग्यानं जिभेखाली ठेवायची गोळीही त्याला पुरते. एकदा नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या बॅगेवर यंत्र तीनदा वाजलं. प्रत्येक वेळी नायट्रेट. माझ्या तरुण सहकाऱ्याचा घसा कोरडा पडला. बागायतदार शांतपणे म्हणाले, ‘अहो, सकाळीच १३-०-४५ सोडून आलोय ड्रिपला.’ ते खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बॅग पूर्ण तपासली, बूट तपासले, मग सोडलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं.

आता हिशेब करा. समजा, एका टर्मिनलवर दिवसाला ५०,००० बॅगा येतात आणि यंत्र शंभरातल्या पंधरा अडवतं. हे आकडे समजुतीपुरते आहेत. ७,५०० बॅगा माणसाला बघाव्या लागतील, रोज. त्यांत खरा बॉम्ब किती? वर्षानुवर्षं शून्य. जो माणूस आठ तास लाडू, साबण आणि चीज बघतो, त्याचा हात ‘पास’च्या बटणावर आपोआप जायला लागतो. यात त्याचा आळस नाही. न घडणाऱ्या गोष्टीची वाट बघत जागं राहणं माणसाच्या डोळ्यांना जमत नाही. म्हणून साधारण वीस मिनिटांनी पडद्यावरचा माणूस बदलतात. आणि यंत्र अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात खोट्या बॉम्बचं चित्र मिसळून दाखवतं. पकडलं तर शाबासकी, सुटलं तर नोंद, आणि महिनाअखेरीला साहेबांसमोर कागद. माझ्याही नावावर अशा नोंदी आहेत. त्यातली एक गणपतीच्या दिवसांतली, रात्रीची तिसरी पाळी, पहाटे चार वाजताची. त्या चित्रातली बॅग मला अजून आठवते. ती पास करताना मला शंकाही आली नव्हती.

तर तुमच्या मुख्य प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. यंत्रावर आणि माणसावर आमचा भरवसा आहे, पण आंधळा नाही. उरलेलं अर्धं उत्तर मात्र यंत्राच्या अचूकतेशी संबंधित नाहीच. ते एका वेगळ्याच प्रश्नाशी आहे: ही बॅग कोणाची, आणि तो कुठे आहे?

हा प्रश्न कशानं शिकवला ते एअर इंडियात काम केलेल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. २२ जून १९८५. कॅनडातल्या व्हँकुव्हरला ‘एम. सिंग’ नावाचं तिकीट असलेला एक माणूस काउंटरवर आला. टोरोंटोपर्यंतची सीट पक्की होती, पण तिथून पुढे एअर इंडियाच्या १८२ क्रमांकाच्या विमानात तो वेटिंगवर होता. म्हणजे बॅगेला टोरोंटोपर्यंतचाच टॅग लागायला हवा. त्यानं बॅग थेट पुढे पाठवायचा हट्ट धरला, हुज्जत घातली. मागे रांग वाढत चालली होती. शेवटी काउंटरवरच्या बाईंनी टॅग लावून दिला. बॅग गेली, पण ‘एम. सिंग’ व्हँकुव्हरहून निघालेल्या विमानातही चढला नाही. टोरोंटोला एअर इंडियाच्या बॅगा एक्स-रेखालून जात होत्या. ते यंत्र मध्येच बंद पडलं आणि उरलेल्या बॅगांवरून हातात धरायचं, वास घेणारं एक उपकरण फिरवलं गेलं. २३ जूनला सकाळी एअर इंडियाचं तेच विमान, ‘कनिष्क’, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, ३१,००० फुटांवर रडारवरून नाहीसं झालं. ३२९ माणसं गेली. लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईला यायचं होतं ते विमान. त्याच्या कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाच्या विश्लेषणात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही होते.

त्याच दिवशी, त्याच्या तासभर आधी, टोकियोच्या नारिता विमानतळावर आणखी एक बॅग फुटली. एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायची होती. सामान हलवणारे दोन कामगार जागच्या जागी गेले. तीही व्हँकुव्हरहून आलेली, आणि तिच्याही मालकानं प्रवास केलेला नव्हता.

यंत्र बंद पडलं याची चर्चा खूप झाली. माझ्या मते ती चर्चा अर्धवट आहे. १९८५ चं ते एक्स-रे यंत्र चालू असतं तरी समोरच्या माणसाला काही दिसलं असतं का, याची मला शंका आहे. पण ‘बॅग आहे, माणूस नाही’ एवढं कोणी ताडून पाहिलं असतं, तर ती बॅग टोरोंटोच्या आधीच बाजूला पडली असती. त्याला कुठलंही यंत्र लागत नव्हतं, प्रवाशांची यादी आणि एक पेन्सिल पुरली असती. साडेतीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ ला लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान फुटलं, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २७० जण गेले. बॉम्ब रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये होता, आणि न्यायालयानं धरून चाललेला मार्ग असा, की बॅग माल्टाहून फ्रँकफर्टमार्गे, कोणी सोबत नसताना आली.

भारतात हे सगळं घरातलंच दुःख असल्यामुळे नियम लवकर कडक झाले. नागरी विमान सुरक्षेचा कक्ष १९७८ पासून होता, कनिष्कनंतर १ एप्रिल १९८७ ला तो स्वतंत्र विभाग झाला, तेच आजचं बीसीएएस. ज्यांनी नव्वदच्या दशकात प्रवास केला आहे त्यांना आठवेल: विमानाच्या शिडीपाशी, उन्हात, सगळ्या बॅगा ओळीनं मांडलेल्या असायच्या. प्रत्येकानं आपल्या बॅगेकडे बोट दाखवायचं, मगच ती वर जायची. जिच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही ती तिथेच राहायची. लोक वैतागायचे, पावसाळ्यात तर बॅगा भिजायच्या. पण इतकी साधी आणि इतकी पक्की तपासणी मी नंतर पाहिली नाही.

पुढे बिंगो शीट आली. प्रत्येक बॅगेच्या टॅगचा एक छोटा स्टिकर असतो, लोडर बॅग चढवताना तो सोलून तक्त्यावर चिकटवायचा. प्रवासी आला नाही तर तक्त्यावरून त्याची बॅग कुठल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बॅगा भरायच्या मोठ्या पेटीत, आहे ते शोधायचं. आता टॅगवरचा दहा आकडी बारकोड स्कॅन होतो. प्रवाशाचा बोर्डिंग पास गेटवर वाजला, की दोन्ही नोंदींची जोडी जुळते. गेट बंद होताना जोडी न जुळलेला आकडा राहिला तर तो पडद्यावर लाल होतो आणि खाली रॅम्पवर, म्हणजे विमान उभं असतं तिथे, फोन जातो.

तुमचा पाऊण तास इथे गेला. बॅग कुठल्या कंटेनरमध्ये आहे हे सिस्टीम सेकंदात सांगते. पण तो कंटेनर सगळ्यात आत असेल, तर त्याच्यापुढचे एकेक करून बाहेर काढायचे, खाली उतरवायचे, तो उघडायचा, चाळीसेक बॅगांमधून एक काळी सुटकेस शोधायची. सगळ्याच काळ्या असतात हे सांगायला नको. मग सगळं परत चढवायचं. छोट्या विमानात कंटेनर नसतील तर लोडर गुडघ्यांवर रांगत बॅगा उपसतो, मे महिन्यात, पत्र्याखाली.

‘पण आत्मघातकी माणूस बॅगेसोबतच बसला तर?’ बरोबर. जोडी जुळवण्याची पद्धत एकाच गृहीतावर उभी आहे, की बॉम्ब ठेवणाऱ्याला स्वतः मरायचं नसतं. ते गृहीत कधीही मोडू शकतं, आणि भोळ्या माणसाच्या हातीही कोणी बॅग देऊ शकतं. तिथे यंत्र लागतं. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेनं २००२ अखेरपर्यंत सगळ्या चेक-इन बॅगांची स्फोटकांसाठी तपासणी सक्तीची केली, आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेनं १ जानेवारी २००६ पासून ती जगभरच्या आंतरराष्ट्रीय विमानांना लागू केली. त्याआधी कित्येक ठिकाणी नुसती निवडक तपासणी चालायची, हे आज ऐकून धक्का बसेल. उलट यंत्राच्या नजरेतून सुटेल ते जोडी जुळवताना सापडावं, अशी आशा. दोन चाळण्या आहेत, एकीची भोकं दुसरीच्या भोकांसमोर येऊ नयेत एवढंच बघायचं.

आणि दोन्हींना न सापडणारी तिसरी वाटही आहे, आतल्या माणसाची. ३१ ऑक्टोबर २०१५ ला शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन विमान सिनाईवर पडलं, २२४ जण गेले. रशियानं पुढच्याच महिन्यात तो बॉम्ब असल्याचं जाहीर केलं. विमानतळावरच्याच कोणाचा तरी हात असावा, असा संशय तेव्हापासून आहे. आमच्या झडत्या, पास, कॅमेरे, लोडरच्या डब्यातली भाजी-पोळीसुद्धा यंत्रातून जाणं, हे सगळं त्यासाठी. पाहुण्यांपेक्षा घरच्यांची झडती जास्त होते.

एक रास्त आक्षेप राहिला. तुमची हरवलेली बॅग दुसऱ्या दिवशीच्या विमानानं येते, तेव्हा ती एकटीच येते ना? येते. पण तिथे ताटातूट विमान कंपनीच्या चुकीनं झालेली असते, प्रवाशाला ती आधी ठरवता येत नाही. शिवाय अशी बॅग जादा तपासणीतून जाते. स्वतःहून मागे राहिलेल्या माणसाची गोष्ट निराळी.

उतरवलेल्या बॅगेचं पुढे काय होतं, हेही विचारलं आहे. ती कोपऱ्यात टाकून देत नाहीत. २ ऑगस्ट १९८४ ला मद्रासच्या मीनंबक्कम विमानतळावर कोलंबोच्या विमानासाठी दिलेल्या, प्रवासी न आलेल्या बॅगा टर्मिनलमध्येच होत्या, आणि स्फोट इमारतीतच झाला. ३३ माणसं गेली. म्हणून उतरवलेली बॅग लांब नेतात, पुन्हा तपासतात, मग मालकाचा शोध.

मालक बहुतेक वेळा सापडतो. एकदा सिंगापूरच्या विमानाची बॅग उतरवायला आम्हाला बावन्न मिनिटं लागली होती. विमान गेल्यावर दहा मिनिटांनी एक गृहस्थ शेजारच्या गेटवरच्या खुर्चीतून डोळे चोळत उठले. कानात इअरफोन, त्यांच्या नावाचा पुकारा सात वेळा झालेला. विमान गेल्याचं कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मग माझी बॅग तरी गेली ना?’